पुढच्या खोलीतली खुर्ची

कंपनीची खुर्ची येणार म्हटल्यावर हर्षदा कुंभोजेनं सगळं घर पालथं घातलं, आणि शेवटी जी घ्यायची नव्हती तीच खोली तिला घ्यावी लागली. वडिलांची.

जयसिंगपूरच्या अकराव्या गल्लीतलं ते घर नीटनेटकं होतं, पण लहान. मधली खोली अंधारी. मागची स्वयंपाकघराला चिकटलेली. कुकरची शिट्टी झाली की मीटिंगमधल्या सगळ्यांना हिच्याकडं डाळ शिजल्याचं कळायचं. पुढच्या खोलीला मात्र उत्तरेकडून खिडकी होती. उजेड दिवसभर सारखा, पडद्यावर चकाकी नाही. त्याच खिडकीशी कॉटवर उशीला टेकून अण्णा बसायचे आणि गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचे.

"घे की," अण्णा म्हणाले. "मला काय, पडायचंच आहे. मधल्या खोलीत पडीन."

अण्णा, म्हणजे भूपाल कुंभोजे, कन्याशाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांच्या खो-खोच्या मुली राज्यापर्यंत जाऊन आल्या होत्या. शिट्टी न वापरता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आवाज पोचवणारे सर म्हणून गावात अजून त्यांची ओळख होती. आता वय अठ्ठ्याहत्तर, आणि हृदयाचा जोर निम्म्याहून कमी झालेला. न्हाणीतून कॉटपर्यंत येताना दोनदा भिंत धरून थांबावं लागे. आई गेली तेव्हा हर्षदा पुण्यातलं बस्तान गुंडाळून इथं आली. घरून करायचं काम होतं म्हणूनच ते जमलं.

काम असं होतं. महामार्गांवर मालाचे ट्रक आता बिनड्रायव्हरचे धावत. पण रस्त्यात मेंढरं बसली, वरात आडवी आली, कुणी डांबरावर भुईमूग वाळत घातला, की ट्रक गोंधळून उभा राही आणि मदत मागे. मग कुठल्या तरी घरात बसलेलं माणूस त्याच्या कॅमेऱ्यांतून बघून त्याला वाट काढून देई. हर्षदाकडं एका वेळी चाळीस ट्रक असत. अंगमेहनत काहीच नाही; पण दुपार कलली की तिला पडद्यावरचं डावं-उजवं कळेनासं होई. एकदा तिनं भिवंडीचा ट्रक बेळगावच्या ट्रकाच्या वाटेनं वळवला होता. तेव्हापासून ती स्वतःलाच भ्यायची.

म्हणून तिनं ही खोली मन लावून सजवली. सुताराकडून कोपराच्या उंचीचं टेबल करून घेतलं. गल्लीतल्या आवाजासाठी भिंतीला बुचाच्या लाकडाचे तक्ते, वीज गेली तर इन्व्हर्टर, डोळ्यांना न टोचणारा दिवा. शेवटी कंपनीकडून खुर्ची आली. तिचं नाव होतं 'विसावा'.

ती बसवायला मिरजेहून रुकय्या मुजावर नावाची तंत्रज्ञ आली होती. चुणचुणीत, बोलकी. अण्णा मधल्या खोलीच्या दारात स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "ही खुर्ची करते तरी काय?"

"थकवा घालवते, सर."

"म्हणजे औषध सोडते?"

"नाही नाही. बघा, तुमच्या फोनवर बॅटरीचा आकडा दिसतो ना? तो आकडा म्हणजे बॅटरी नव्हे. फोननं बांधलेला अंदाज असतो. थकव्याचंही तसंच आहे. हृदय, फुप्फुसं, स्नायू मेंदूला सतत बातम्या पाठवतात. साखर किती उरली, दम किती लागला. मेंदू त्यावरून अंदाज बांधतो, की आता बेतानं घ्यायला हवं. तो अंदाज आपल्याला थकवा म्हणून जाणवतो. शरीर खरं संपायच्या कितीतरी आधी."

तिनं कानात अडकवायचा एक छोटा चिमटा दाखवला. या बातम्या वाहून नेणाऱ्या मोठ्या मज्जातंतूची एक शाखा कानाच्या आतल्या वळणात त्वचेच्या अगदी जवळ येते, असं ती म्हणाली. चिमटा तिथं मुंगीच्या पावलांइतका सौम्य विद्युतप्रवाह सोडतो. खुर्चीच्या पाठीतले संवेदक बसलेल्या माणसाची नाडी, श्वास, घाम वाचत राहतात आणि त्याप्रमाणे तो प्रवाह कमीजास्त करतात. बातमी वाटेतच बदलते. मेंदूला वाटतं, सगळं ठीक आहे.

"म्हणजे थकवा डोक्यात असतो!" अण्णा खूश झाले. "मी पोरींना जन्मभर हेच सांगत आलो. मग मी बसू का?"

रुकय्या हसली नाही. "नको, सर. निरोगी माणसासाठी आहे ही. आणि ताईंच्या अंगठ्याशिवाय सुरूच होत नाही." मग हर्षदाकडं वळून म्हणाली, "उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंमल राहतो. नंतर मेंदू आपला अंदाज दुरुस्त करून घेतो. तेव्हा जरा जड जाईल. सवय होते."

जरा जड नव्हे, फार जड गेलं. खुर्चीत असेपर्यंत हर्षदाचं डोकं सकाळच्या विहिरीसारखं स्वच्छ असे. संध्याकाळी उठून ती चहा टाकी, चार शब्द बोले, आणि मग अचानक ओलं पांघरूण अंगावर पडावं तशी खाली बसे. ताट पुढ्यात, घास हातात, आणि डोळे मिटलेले. महिन्याभरात कंपनीनं तिला साठ ट्रक दिले. खुर्चीवाल्या सगळ्यांनाच दिले.

अण्णा दिवस मावळायच्या आत जेवत. जैन घरातली जन्मभराची रीत. पूर्वी हर्षदाही त्यांच्याबरोबर पान घ्यायची. आता स्वयंपाकाच्या बाई भाकरी-आमटी झाकून ठेवून जात आणि अण्णा एकटे जेवत.

"हर्षा," एकदा ते म्हणाले, "तू ऑफिसात असतीस की घरात, हेच मला कळंना झालंय."

"घरातच असते की, अण्णा."

"व्हय. पण उरतीस किती?"

ती भिंतीला टेकली आणि तिचे डोळे मिटले.

असं दिवाळीपर्यंत चाललं. एका रविवारी तिला सुट्टी होती. न्हाणीतून बराच वेळ पाण्याचा आवाज येईना म्हणून तिनं हाक मारली. अण्णा आत स्टुलावर बसून होते, निम्मं अंग कोरडं, हातात तांब्या. तांब्या उचलायचा राहिला होता.

"दमलो गं," ते म्हणाले. "अंघोळसुद्धा पुरी होईना."

तिनं त्यांचं अंग पुसलं, कपडे घातले. त्यांना धरून मधल्या खोलीकडं नेताना पुढच्या खोलीचं दार उघडं दिसलं. रुकय्यानं सांगितलेलं तिला आठवत होतं. तरी ती वळली. त्यांना खुर्चीत बसवलं, चिमटा कानात अडकवला आणि हाताशी असलेल्या पट्टीवर आपला अंगठा ठेवला.

पाचेक मिनिटं काही झालं नाही. मग अण्णांनी मान सरळ केली. खांदे मागं गेले. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "समोरच्या पाटलांनी गेट कधी बदललं गं?"

तो आवाज हर्षदानं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

त्या दुपारी अण्णा बोलत सुटले. आईशी लग्न ठरताना सासऱ्यांनी त्यांना मैदानात पळायला लावलं होतं ती गोष्ट. औरंगाबादच्या सामन्यात पावसानं खांब हलला आणि पंचांशी भांडण झालं ती गोष्ट. हात हलवत, नकला करत. हर्षदा प्लॅस्टिकच्या खुर्चीत समोर बसून हसत होती आणि हसता हसता पेंगत होती. आठवड्याचा सगळा शीण तिच्या अंगात होता. खुर्ची एकच होती. दोघांतलं एक जण टवटवीत असे तेव्हा दुसरं मोडून पडलेलं असे, हे तिला तेव्हाच जाणवलं. पण तिनं तो विचार बाजूला सारला.

मग ते रोजचंच झालं. दिवस कलताना ती ट्रक तासाभरासाठी दुसऱ्या कुणाकडं सोपवी आणि खुर्ची अण्णांना देई. अंमल आहे तोवर दोघं पान घेत. अण्णा भाकरी मागून घेत. एक दिवस त्यांनी आपल्या जुन्या खेळाडूला फोन लावला. वासंती उपाध्ये, आता त्याच शाळेत त्यांच्या जागेवर होती. ती मिठाईचा पुडा घेऊन आली आणि सरांना असं ताठ बसलेलं बघून दारातच थबकली.

"सर, तुम्ही तर एकदम…"

"एकदम काय? मेलो असं ऐकलं होतंस काय?"

वासंतीनं त्यांना मैदानावर यायचा आग्रह केला. मुलींची तालुक्याची स्पर्धा जवळ आली होती, सरांनी सरावाला नुसतं येऊन बसावं. मैदान दोन गल्ल्या सोडून होतं. अण्णांनी हर्षदाकडं बघितलं. लहान मुलानं जत्रेला न्या म्हणावं तसं.

"रिक्षानं जायचं," हर्षदा म्हणाली. "आणि बसून राहायचं."

शनिवारी दुपारी तिनं त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ खुर्चीत ठेवलं, अंमल टिकावा म्हणून. मैदानावर त्यांना सावलीत बाकावर बसवलं. थोडा वेळ ते बसले. मग उठून उभे राहिले. मग रेघेपर्यंत गेले. एका मुलीला उठताना पाय कसा टाकायचा ते जमत नव्हतं. "अगं, गुडघ्यावर नाही, चवड्यावर!" ते ओरडले आणि स्वतः दोन खेळाडूंच्या मधे उकिडवे बसले. खो मिळाल्यासारखे उठले आणि पळाले. खरोखर पळाले. मोजकीच पावलं, पण पळाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

हर्षदाला त्यांचे ओठ दिसले. जांभळट झाले होते. त्यांच्या मनगटावरचं नाडी मोजणारं घड्याळ थरथरत होतं. तिच्या फोनवरही त्याचा इशारा आला. अण्णांना मात्र काहीच कळत नव्हतं. दम लागल्याचं त्यांच्या छातीला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की हर्षदानं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आणखी एकदा त्यांनी त्या मुलीला उठून दाखवलं.

"बघ, काही झालं नाही," रिक्षात ते म्हणाले.

घराच्या पायरीशी रिक्षा थांबली तेव्हा अंमल उतरत होता. त्यांनी एक पाय खाली टाकला आणि हर्षदाच्या अंगावर कोसळले.

मिरजेच्या हॉस्पिटलात त्यांना अतिदक्षता विभागात घेतलं. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. पहिल्या दिवशी डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी अण्णांनी डोळे उघडले आणि नर्सनं हर्षदाला पाच मिनिटं आत सोडलं. अण्णांनी तिचा हात धरला. त्यांना काही सांगायचं होतं. हर्षदा स्टुलावर बसली, त्यांच्या तोंडाजवळ कान नेला, आणि तिला झोप लागली.

तिला उठवता उठवेना. महिनोन् महिने खुर्चीनं वाटेत अडवलेलं सगळं आता खुर्ची नसताना तिच्या अंगावर चालून आलं होतं. बाहेरच्या बाकावर नेऊन निजवलेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी जागी झाली. कुणी तरी तिच्या अंगावर हॉस्पिटलची चादर घातली होती.

"पेशंट नक्की कोण आहे हो, बाई?" नर्सनं विचारलं. "आजोबा तीनदा विचारून झाले, माझी मुलगी आहे का म्हणून."

हृदयाच्या डॉक्टर शिरगुप्पे वयस्क होत्या. त्यांनी हर्षदाचं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे तिला जास्तच लागलं.

"अशा हृदयाला थकवा म्हणजे राखणदार असतो," त्या म्हणाल्या. "तो म्हणतो, बस, माणूस बसतो, म्हणून जगतो. तुम्ही राखणदाराला झोपवलंत आणि दार उघडं टाकलंत."

"ते आनंदात होते, डॉक्टर."

"असतीलच. ते खोटं कुठं म्हणते मी?"

दहा-बारा दिवसांनी अण्णा घरी आले. आल्या आल्या त्यांनी पुढच्या खोलीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर, नेहमीच्या वेळी, त्यांनी हाक मारली.

"हर्षा, तासभर बसव गं."

ती आली आणि दारात उभी राहिली. "नाही, अण्णा. डॉक्टरांनी…"

"मी ऐकलंय डॉक्टरांचं. मी पीटीचा मास्तर आहे, मला शरीर कळतं. किती दिवस उरलेत तेही कळतं." बोलताना ते दोनदा थांबले. "असं पडून वर्षभर, का तसं बसून महिनाभर, हे मी ठरवणार."

"ठरवा. पण अंगठा माझा आहे."

बोलून गेल्यावर तिला शब्दांची धार कळली. अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्यानंतर घरात बोलणंच संपलं. हर्षदा कामावर परतली होती. खुर्चीत बसली की तिचं मन लख्ख होई. भांडण, हॉस्पिटल, जांभळे ओठ, सगळं दूर कुठं तरी घडल्यासारखं वाटे. उठली की ते सगळं पाठीवर येऊन बसे. एकदा सोलापूरच्या रस्त्यावर तिचा ट्रक थांबला. एक म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडत होता. दोन पावलं, थांबायचं. दोन पावलं, थांबायचं. ट्रक विचारत होता, काय करू. हर्षदाचं बोट पटकन पुढं गेलं, डावीकडून वळसा घाल म्हणून सांगायला, कारण रांगेत आणखी चार ट्रक होते. आणि ते बोट तिथंच राहिलं. आपल्याला या माणसाची नुसती अडचण वाटली, बाकी काहीच वाटलं नाही, हे बघून ती घाबरली. म्हातारा पलीकडं पोचेपर्यंत तिनं ट्रक थांबवून धरला. मग चिमटा काढला आणि भर कामाच्या वेळी उठली.

ती मधल्या खोलीत गेली आणि अण्णांच्या पायाशी बसली.

"अण्णा, मी तुम्हाला खुर्ची दिली ती तुमच्यासाठी दिली असं मला वाटायचं," ती म्हणाली. "खरं सांगू? मला तुमचं दमलेपण सोसत नव्हतं. मी स्वतःच इतकी दमलेली असायची. म्हणून मला ते दुसरे अण्णा हवे होते. बोलणारे, हसणारे. ते आले की माझं काम हलकं व्हायचं."

ती उठणार तेवढ्यात भिंतीकडं तोंड करूनच ते म्हणाले, "मलापण खुर्चीतली तू बरी वाटायचीस."

"म्हणजे?"

"मी इथून बघायचो. दार उघडं असायचं. काय चटपटीत, काय हुशार. वाटायचं, माझी पोरगी." त्यांनी श्वास घेतला. "बाहेर आलीस की भीती वाटायची. हॉस्पिटलात तर… मी मरतोय, का ही, असं झालं."

ती रडली. अण्णांनी हात मागं करून तिचा खांदा चाचपला आणि थोपटला. तेवढ्यानंच त्यांचा हात दमला आणि तिच्या खांद्यावर पडून राहिला.

पुढच्या आठवड्यात रुकय्या येऊन खुर्ची घेऊन गेली. तिनं फार विचारलं नाही. एवढंच म्हणाली, की परत करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. कंपनीनं हर्षदाला खुर्ची नसलेल्यांच्या गटात टाकलं. ट्रक थोडे, पगार थोडा, बढतीचं नाव नाही. टेबल खिडकीपाशी तसंच राहिलं. बाजूला अण्णांची कॉट परत आली. साध्या लाकडी खुर्चीवर पाठीशी उशी घेऊन ती काम करू लागली, आणि दुपारी डोकं चालेनासं झालं की कंपनीला तसं कळवून थांबू लागली.

अण्णांचं मन पूर्ण वळलं असं मात्र नाही. सणावाराला, किंवा वासंतीचा फोन आला की ते म्हणत, "असती तर बसलो असतो तासभर." हर्षदा ऐकून घेई.

दोघंही दमलेली असत, त्यामुळे बोलणं एका चालीनं चाले. एखादं वाक्य आमटी वाढताना सुरू होई आणि ताकापर्यंत पुरं होई. कुणाला घाई नसे.

माघातल्या एका दुपारी काम करता करताच हर्षदाचा डोळा लागला. टेबलावर हात, हातावर डोकं. कॉटची फळी करकरली तेव्हा तिला जाग आली. अण्णा उठले होते.

कॉटपासून टेबल फार लांब नव्हतं. तिला त्यांच्या पायांचा आवाज आला. दोन पावलं. मग काही नाही, नुसता श्वास. ते थांबले होते. उठावं, त्यांना धरावं, असं तिला फार वाटलं. पण श्वास हळूहळू शांत झाला आणि मग पुढचं पाऊल पडलं. ते दमत होते, दमल्यावर थांबत होते, आणि थांबल्यावर परत निघत होते. तिनं डोळे मिटूनच ठेवले.

पडद्यावर एक ट्रक मदत मागत पिंपिं करत होता. अण्णा टेबलाशी पोचले. त्यांनी चाचपून कुठलं तरी बटण दाबलं आणि तो आवाज बंद झाला. ट्रक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेला असणार. मग त्यांचा जड हात तिच्या डोक्यावर आला.

"झोप," ते म्हणाले.

एवढ्यानं त्यांना दम लागला. परत कॉटपर्यंत जायचं बळ नव्हतं, म्हणून टेबलाचा कोपरा धरून ते सावकाश खाली बसले, तिच्या खुर्चीला पाठ टेकून. खिडकीतून उत्तरेचा उजेड दोघांवर सारखाच पडला होता. हर्षदानं डोळे न उघडता हात खाली सोडला. तो त्यांच्या खांद्यावर विसावला, आणि आता तिला खरोखरच झोप लागली.